आमच्या घरातलं पडणं

१० जानेवारी

डॉक्टर महेश्वरी मॅडमनी सांगितलं, लिहून ठेवा. चक्कर कधी आली, त्याआधी काय झालं होतं, काय खाल्लं होतं, कोण काय बोललं. मी म्हणलं, मॅडम, ब्लाउजची मापं सोडून मला काही लिहायची सवय नाही. त्या म्हणाल्या, मग हेही माप समजा. घरात आम्ही आमची दख्खनी बोलतो, पण माझी शाळा येरमाळ्यातली झेडपीची. लिहायला बसलं की हातात मराठीच येतं.

तर माप असं. माझं नाव उम्मेहानी. येरमाळ्यात हायवेला लागून माझं शिलाईचं दुकान आहे. मुलगी युसरा धाराशिवला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. नव्या वर्षाच्या सुरुवातीलाच तिच्या कॉलेजच्या दवाखान्यातून दुखणं मारायच्या इंजेक्शनच्या बाटल्या गेल्या. नशेला वापरतात तसल्या. त्या दिवशी वॉर्डात तीन पोरी ड्यूटीवर होत्या. मेट्रनबाईंनी तिघींना ओळीनं उभं केलं अन् एकेकीच्या तोंडाजवळ जाऊन विचारलं, "तू घेतल्या का?" दोघी नाही म्हणाल्या. तिसरी युसरा. ती पांढरीफटक पडली अन् उत्तर द्यायच्या आधीच खाली कोसळली. झाली चौकशी. चोराच्या मनात चांदणं, म्हणाल्या बाई. पोरीला सामानासकट घरी पाठवलं. पुढचं समिती बघणार.

परवा मी भांडायला गेले. ऑफिसातला क्लार्क म्हणाला, "बाई, निर्दोष माणूस असा पडत नसतो." त्याला द्यायला माझ्याकडं चांगलं उत्तर होतं. पण कानात भुंगा सुरू झाला, डोळ्यांपुढं पिवळं झालं, अन् पुढं दिसला तो छताचा पंखा. क्लार्क कुणाला तरी सांगत होता, "मायलेकीचं एकच नाटक."

मी घाबरले नव्हते. हे आधीच लिहून ठेवते. नुसत्या चहावर घर सोडलं होतं म्हणून झालं.

आमचे हे बरोबर होते. तौफिक त्यांचं नाव, पिकअप चालवतात. नवऱ्यानं भांडणात पुढं असावं का मागं? हे सारखे माझ्या पाठीमागं, पोलिसासारखे. एक शब्द बोलले नाहीत. मी फरशीवर पडले तरी डोक्याला खोक पडली नाही, ही अल्लाहची मेहरबानी.

तिथून सरळ महेश्वरी मॅडमकडं. त्या सोलापूरच्या, दर गुरुवारी धाराशिवला येतात. युसराचा अन् माझा कार्डिओग्राम काढला. मग विचारलं, घरात आणखी कोण पडतं? मी म्हणलं, कुणी नाही.

युसरा म्हणाली, "अम्मी, नाना पडतात की."


१३ जानेवारी

संक्रांतीचे ब्लाउज. काळ्या कापडानं डोळे गेले. तुळजाबाई पिको करायला आल्या होत्या. आमच्याच गल्लीतल्या, वाईट बाई नाही. हळूच म्हणाल्या, "युसराचं कानावर आलं बया. खरं हाय का?"

म्हणलं, "तुमच्या कानावर आलंय ते अर्धं हाय. उरलेलं झाल्यावर मीच सांगते."

"तसं न्हाय गं. पण पोरगी पडली कशाला मग?"

सगळे हेच विचारतात. मशीन थांबवून मी त्यांना सांगितलं, की तुमच्या सासऱ्यांना पोलीस दिसले की घाम फुटतो, ते काय दरोडेखोर होते का? हसल्या. पण जाताना साड्या दोनदा मोजून पिशवीत घातल्या.

चक्कर: नाही. राग: भरपूर. मॅडम म्हणाल्या होत्या, तेही लिहा.


१६ जानेवारी

मॅडमला घरातली यादी हवी होती म्हणून अब्बांकडं, म्हणजे युसराच्या नानांकडं गेले. माझं माहेर दोन गल्ल्या सोडून. अम्मी गेल्यापासून अब्बा एकटेच असतात. त्यांचं टायर पंक्चरचं दुकान आता बंद आहे, तरी रोज शटर उघडून आत बसतात.

विचारलं. मग एकेक निघालं. त्यांचे वडील पडायचे. फुप्पी, म्हणजे अब्बांची बहीण, तिच्या निकाहला कबूल म्हणायच्या आधी पडली, लोक म्हणाले पोरीला नवरा पसंत नाही. त्यांचा चुलतभाऊ मिलिटरीच्या भरतीत पळण्यात पहिला आला अन् साहेबानं नाव विचारलं तेव्हा पडला. अब्बा स्वतः एसटीच्या मुलाखतीत पडले.

मॅडमनी मुद्दाम विचारायला लावलं होतं, की यात कुणी पळताना, पोहताना, झोपेत अचानक गेलं का. अब्बांनी विचार केला. "न्हाय. आपल्यात पडून कुनी मेलं न्हाय. पडत्यात, उठत्यात, पानी पित्यात अन् मग जलमभर तोंड लपवत्यात."

मी त्यांना म्हणलं, मी कधी तोंड लपवलं नाही. ते म्हणाले, "तू कधी गर्दीत गेलीस?"

काहीही बोलतात. दुकानात गर्दीच असते माझ्या.


२२ जानेवारी

काल सोलापूर. युसराची तपासणी. पोरीला एका टेबलावर पट्ट्यांनी बांधतात अन् टेबल हळूहळू उभं करतात. अंगाला वायरी. आधी बराच वेळ काही नाही. ती माझ्याकडं बघून हसत होती. मग तिचा चेहरा धुतल्या कापडासारखा झाला, मान पडली. टेबल लगेच आडवं केलं अन् पोरगी डोळे उघडून म्हणाली, "झालं का?"

मॅडमनी कागदावरची रेघ दाखवली. त्या म्हणाल्या, "ताण आला की प्रत्येकाचं शरीर काही ना काही करतं. कुणाचं पोट बिघडतं, कुणाला घाम, कुणाचं डोकं चढतं. बहुतेकांची नाडी वाढते अन् वाढलेलीच राहते. तुमच्या घरात ती वाढते अन् मग एकदम उलटी फिरते. नाडी मंदावते, रक्तदाब उतरतो, मेंदूला रक्त कमी पडतं. माणूस पडतो. पडला, आडवा झाला, की रक्त परत पोचतं अन् उठतो."

"म्हणजे आम्ही भित्रे?"

"भीती सगळ्यांना सारखीच वाटत असेल. तुमच्यात फक्त ती दिसते. युसराचं नाक कुणाचं आहे?"

"अब्बांचं."

"तसंच हेही उतरलंय. नक्की कुठल्या जनुकातून, ते आज सांगता येणार नाही. बहुतेक एकातून नाही, अनेकांतून. पण पिढ्यानपिढ्या एका घरातली माणसं अशी पडतात, तेव्हा त्यात रक्ताचा हात असतोच."

मला उडी मारावीशी वाटली. म्हणलं, मग लिहून द्या मॅडम, माझ्या पोरीनं चोरी केली नाही.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "ते मला कसं लिहिता येईल? मी तिथं नव्हते. मी एवढंच लिहू शकते, की हिचं पडणं हा कशाचाच पुरावा होत नाही. चोरी केल्याचाही नाही, न केल्याचाही नाही."

गाडीत मी रडले. रागानं. इतक्या लांब जायचं, पोरीला टेबलाला बांधायचं, अन् हाती काय, तर पुरावा होत नाही. युसरा मात्र तो कागद पुन्हा पुन्हा वाचत होती. म्हणाली, "अम्मी, एवढंच पाहिजे होतं."

एवढ्यानं काय होणार, तिलाच ठाऊक.


२६ जानेवारी

युसराची मैत्रीण निकिता झेंडावंदन आटोपून आली. तिघींतली एक. चहा हातात घेऊन तशीच बसून राहिली. म्हणाली, "काकू, माझ्याबी पोटात गोळा आलता. मला उलटी आली, पण मी गिळली. ती गिळली म्हणून मी वर्गात आहे."

मग सांगितलं, कपाटाची किल्ली भिंतीवर खिळ्याला लटकलेली असते. येणारा-जाणारा कुणीही घेतो.

मी म्हणलं, हे समितीपुढं बोल. तिनं मान खाली घातली. घरून ताकीद आहे, या भानगडीत पडायचं नाही. ती गेल्यावर मी तोंडाला येईल ते बोलले. युसरानं मला थांबवलं. "तिला तिच्या घरात राहायचंय अम्मी. अन् आली तरी की ती इथवर."

माझी पोर कुणावर चिडत नाही. हे रक्तात कुठून आलं, मॅडमला विचारायला हवं.


३ फेब्रुवारी

कॉलेजातून फोन. संस्थेचे सचिव अमरसिंह सर. आवाज एकदम गोड. मुलगी हुशार आहे, आमचीही इच्छा नाही तिचं नुकसान व्हावं. समितीपुढं आणा. "झालेल्या प्रकाराबद्दल माफी मागते" एवढ्यावर सही करा, सोमवारपासून वर्गात बसू दे. पोलिसात जायला नको, तुम्हालाही, आम्हालाही.

मी म्हणलं, कुठल्या प्रकाराबद्दल?

ते म्हणाले, "ताई, शब्दाला काय धरून बसता."

संध्याकाळी अब्बा आले होते. त्यांना सांगितलं तर म्हणाले, "कर म्हनावं सही. सुटंल पोरगी."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. ते पुढं म्हणाले, "म्या वाशी गावात व्हतो तवा चावडीवर बोलावलं व्हतं. कुनाचं तरी बकरं गेलं व्हतं. चौघं व्हतो. पाटलानं माझ्याकडं बघितलं अन् म्या पडलो. शुद्धीवर आल्यावर म्हनले, अंगठा दे अन् जा घरी. म्या दिला. लगीच सोडलं."

"बकरं तुम्ही घेतलं होतं का?"

"न्हाय की."

"अन् मग?"

"मग काय. पंधरवड्यात वाशी सोडली. इथं आलो."

मी त्यांना इतकी बोलले, की ह्यांनी मला हाताला धरून आत नेलं. म्हणलं, तुमच्यासारखं गाव सोडायला लावू का पोरीला? अब्बा चप्पल घालून गेले. जाऊ दे. दर वेळी जुन्या गोष्टी काढायच्या अन् वर सही कर म्हणायचं.

सही होणार नाही. काय व्हायचं ते होऊ दे.


७ फेब्रुवारी

मॅडमनी फोनवर व्यायाम सांगितला. चक्कर येतीय वाटलं की पाय एकात एक अडकवायचे, मांड्या घट्ट आवळायच्या, मुठी दाबायच्या. रक्त वर ढकललं जातं. पाणी भरपूर, मीठ थोडं जास्त. युसरा अन् मी सैपाकघरात उभ्या राहून करतो. ती मेट्रन होते अन् मला ओरडते, "तू घेतल्या का?" मी पाय आवळते. मग उलटं. काल दोघी हसून हसून बसलो.

मी समितीपुढं काय बोलायचं ते पाठ करत आहे. मशीन चालवताना ओठ हलतात, गिऱ्हाइकं बघतात.

ह्यांनी काय काढलंय कळत नाही. माझ्या मशीनशेजारी जुनी गादी आणून टाकली. जागा अडते. वर पिकअपमध्ये मिठाच्या पुड्या, लिंबं अन् पाण्याचा कॅन. म्हणलं, भेळेची गाडी लावताय का? कॅनचं झाकण घट्ट करत बसले.


११ फेब्रुवारी

सगळं लिहिते, जसं झालं तसं.

समितीत तिघं. संस्थेचे अध्यक्ष आण्णासाहेब, सचिव अमरसिंह सर, मेट्रनबाई. त्यांना खुर्च्या. आम्हाला उभं राहायचं होतं, कारण खोलीत आणखी खुर्च्याच नव्हत्या. मी अन् युसरा पुढं, हे आमच्या मागं, नेहमीसारखे. अब्बांना मी बोलावलं नव्हतं. एसटीनं आले होते, पांढरा सदरा घालून, दाराशी उभे.

आण्णासाहेब वयस्कर, सावकाश बोलणारे. डॉक्टरांचा कागद वाचला, चष्मा काढला. म्हणाले, "हे ठीक आहे. आजारी आहे पोर. माणुसकी म्हणून आम्ही समजून घेतो. ह्या माफीवर सही कर बाळ, विषय संपव."

कागद पुढं सरकवला. मी माझं पाठ केलेलं सुरू करणार, तेवढ्यात शेजारी बघितलं. युसराचे ओठ पांढरे झाले होते. ती पाय आवळत होती, पण ते पुरत नव्हतं. मला वाटलं, संपलं. आता पडणार, अन् हे म्हणणार, बघा.

युसरा खाली बसली. पडली नाही, बसली. फरशीवर मांडी घालून, ओढणी नीट करून.

अमरसिंह सर म्हणाले, "अगं, ही काय पद्धत? उठ."

"सर, उभी राहिले तर मी पडंन. अन् मी पडले की तुमचा निकाल लागतो. म्हणून बसून बोलते. इथून खाली पडायला जागाच न्हाय."

आवाज कापत होता, पण शब्द एकही तुटला नाही. माझ्या कानात भुंगा होताच. मीही बसले तिच्याशेजारी. मग दाराशी सरसर ऐकू आलं. अब्बा चौकटीला धरून धरून खाली टेकत होते. गुडघे वाजले त्यांचे. आम्ही तिघं खाली, ते तिघं वर. आण्णासाहेबांना आम्हाला बघायला टेबलावरून वाकावं लागत होतं.

युसरा मेट्रनबाईंना म्हणाली, "मॅडम, एक विचारू? मी पडायच्या आधी माझ्याकडं काय सापडलं होतं?"

बाई म्हणाल्या, "काही नाही."

"पडल्यावर माझी पेटी, गादी, कपडे सगळं बघितलं. त्यात?"

"काही नाही."

"मग मी पडले नसते तर?"

 त्या बाईच्या नावानं मी महिनाभर तळतळाट केला आहे, पण खोटं बोलली नाही, हे लिहायलाच पाहिजे. म्हणाली, "तर बाकी दोघींसारखी तू वर्गात असतीस."

आण्णासाहेब म्हणाले, "अगं, पण मग चोरी केली कुणी?"

"मला माहीत न्हाय सर. पण कपाटाची किल्ली भिंतीला खिळ्यावर असते. मी पडले म्हणून कुणी तिकडं बघितलंच न्हाय."

अमरसिंह सर बाईंकडं बघायला लागले, बाई भिंतीकडं. आण्णासाहेबांना ते आवडलं नाही. त्यांनी अब्बांकडं मोर्चा वळवला. "आजोबा, तुम्ही मोठे आहात. तुम्ही तरी सांगा पोरीला. एका सहीनं सुटतीय."

अब्बांचे डोळे मिटले होते, मला वाटलं शुद्ध गेली. मिटलेल्या डोळ्यांनीच बोलले.

"म्या दिलाय साहेब अंगठा, असाच. न केलेल्या गोष्टीला. तवा मलाबी वाटलं सुटलो. घर गेलं, गाव गेलं, पन त्यो अंगठा काय सुटला न्हाय. पोरीला नगा लावू."

 आण्णासाहेबांनी कागद परत ओढून घेतला अन् म्हणाले, कळवतो.

बाहेर आल्यावर मी अब्बांना विचारलं, त्या दिवशी तर सही कर म्हणत होता. ते म्हणाले, "भ्यालो व्हतो." इतकं सरळ कुणी सांगतं का?

मी पाठ केलेल्यातलं एक वाक्यही बोलले नाही. परतीला ह्यांनी सगळ्यांना लिंबूपाणी केलं. मीठ जरा जास्तच झालं होतं.  गाडी चालवून दमले असतील.


१२ फेब्रुवारी

दिवसभर झोपले. चक्कर: नाही. आज काहीच नाही.


२८ फेब्रुवारी

पत्र आलं. पुराव्याअभावी कारवाई मागे घेण्यात येत आहे.

हे म्हणाले, जिंकलो. मी म्हणलं, अजून नाही. सगळ्या पोरींसमोर, ओळीत उभी करून चोर म्हणलं. मागं घेताना बंद पाकिटात? युसरा नको म्हणत होती. मी फोन केला. अमरसिंह सर म्हणाले, ताई, आता आणखी काय पाहिजे? म्हणलं, जिथं म्हणलात तिथंच वाचा. नाहीतर मी येते अन् तुमच्या दारात बसते. बसायला आता आम्ही शिकलोय.


५ मार्च

वाचलं. वॉर्डात, सकाळच्या हजेरीला, मेट्रनबाईंनी स्वतः. निकितानं फोन करून सांगितलं, युसराही परत ओळीत उभी होती. बाईंनी वाचलं, कागदाची घडी घातली अन् म्हणाल्या, मी चुकीचं विचारलं होतं, चुकीच्या पद्धतीनं. एवढंच. कपाटाला आता कुलूप आहे, किल्ली बाईंच्या गळ्यात. बाटल्या कुणी नेल्या ते अजूनही कळलं नाही.

तुळजाबाईंना दुकानात बोलावून उरलेलं अर्धं सांगितलं. ऐकून घेतलं अन् म्हणाल्या, "माझी नणंदबी पडायची गं. आमी तिला लई बोललो." मग कितीतरी वेळ बसून राहिल्या. रोजे सुरू आहेत, चहाही विचारता आला नाही.


१० एप्रिल

चैत्री यात्रेचे दिवस. येडेश्वरी देवीच्या देवळाला लोटलेली गर्दी, हायवेवर एसट्यांच्या रांगा, दुकानात पाय ठेवायला जागा नाही. रोज्यांत दोनदा चक्कर आली. मॅडम रागावल्या, मी ऐकून घेतलं. राहिलेले रोजे पावसाळ्यात करीन.

अब्बा एवढ्या गर्दीत दुकानात येऊन बसतात आता. येईल त्याला सांगतात, आमच्यात रक्तदाब उतरतो, सोलापूरच्या डॉक्टरीणबाईनं कागद दिलाय. कुणी विचारलेलं नसतं.

दुपारी युसराचा फोन. तोंडी परीक्षा होती. बाहेरून आलेले परीक्षक, शेजारी मेट्रनबाई. पहिले दोन प्रश्न बरे गेले. तिसऱ्याला परीक्षकांनी आवाज चढवला.

"अन्?"

"पडले की अम्मी."

माझा हात मशीनवरच थांबला. विचारलं, मग कोण काय म्हणलं?

"परीक्षक घाबरले. मेट्रन मॅडम म्हणल्या, काही नाही सर, उठंल आता. मी उठले. मॅडमनी पाणी दिलं, खुर्ची दिली."

"अन् मग?"

"मग म्हणल्या, हां युसरा, पुढं बोल."